गुळव्याला माशी चावत नाही

चांद, गावात सगळे म्हणतात की तुला साप चावला. उसाच्या पाचटातून निघाला आणि चावून गेला, असं गुऱ्हाळाच्या मालकानं बाजाराच्या दिवशी पुणतांब्यात सांगितलं आणि आता तेच खरं झालं आहे. कुणी म्हणतं घोणस होती, कुणी म्हणतं नाग. एकानं तर दवाखान्यात येऊन मला त्याची लांबीही दाखवली, दोन्ही हात पसरून. मी हे ऐकतो आणि माझं डोकं सणकतं. तुझ्या मानेवर, सदऱ्याच्या गळपट्टीखाली, एकच ठिपका होता. तो कशाचा असणार, हे त्या दिवशी तिघांनाच ठाऊक होतं: तुला, मला आणि अमीनावहिनींना.

तू गेलास तर मला सरळ रडू यायला हवं होतं. ते येत नाही. आधी राग येतो, आणि तो तुझ्यावर येतो. मेलेल्या माणसाशी भांडू नये हे मलाही कळतं, पण आपलं भांडण तू मध्येच टाकून गेलास. मी बोलत होतो आणि तू ‘बरं बघू’ म्हणून उठलास, ती आपली शेवटची गाठ. असं कुणी उठून जातं का?

तुला आठवतं का, मी नगरहून परत येऊन दवाखाना उघडला तेव्हा माझ्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं? शाळेत आपण एका बाकावर बसायचो, त्यामुळे गावाच्या लेखी मी नाक पुसणारा वामन्याच होतो. मग तू रोज सकाळी येऊन बाहेरच्या बाकावर बसायला लागलास. धडधाकट माणूस, पण कण्हत बसायचास. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचास, “लई गुण हाय गड्याच्या हाताला. काल उभं ऱ्हाता येत नव्हतं मला.” हळूहळू लोक यायला लागले. पहिला खरा रोगी आला, तेव्हा तू त्याला जागा करून दिलीस आणि मला डोळा मारून निघून गेलास. चांगल्या तब्येतीत तू माझ्यासाठी आजाऱ्याचं सोंग घेतलंस. खरोखर आजारी पडलास, तेव्हा मात्र धडधाकटाचं सोंग घेतलंस. पहिल्या सोंगाचे उपकार मी विसरणार नाही आणि दुसऱ्याची माफी तुला मिळणार नाही.

तुझ्यासारखा गुळव्या या पट्ट्यात नव्हता. हे मी मित्र म्हणून सांगत नाही, मालक लोक तुझ्यासाठी एकमेकांशी भांडायचे. काहिलीतला रस उकळताना तू नुसता कडेला उभा राहायचास. वासावरून सांगायचास की आता भेंडीचं पाणी टाका, आता वर आलेली मळी काढा, आता जाळ कमी करा. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा सखाराम जळव्या तुझ्या आवाजाकडे कान लावून असायचा. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तू त्याची गोळी करायचास आणि ती काहिलीच्या काठावर आपटायचास. टण्ण वाजली की काहिलीतलं आदण उतरवायचं. त्या आवाजाला तू कधी चुकला नाहीस.

आणि माश्या. गुऱ्हाळ म्हटलं की माश्या आल्याच. मळीच्या खड्ड्यावर, गूळ निववायच्या वाफ्यावर, ढेपांवर, जिथं गोड तिथं पिवळ्या गांधीलमाश्यांचं मोहोळ. तुमच्या धंद्यात त्यांचा मान असतो. हंगामाच्या पहिल्या आदणातला गुळाचा खडा त्यांच्या नावानं काठावर ठेवायचा. गुळव्यानं त्यांच्यावर हात उगारायचा नाही. आणि त्या गुळव्याला चावत नाहीत. चावलीच, तर त्याचा हात विटला म्हणायचं. मग पाक जमत नाही, ढेप पाझरते, आणि मालक दुसरा माणूस बघतो. हे लहानपणापासून ऐकत तू मोठा झालास, तुझा बापही गुळव्याच होता. मी तुला कितीदा म्हटलं, “अरे, माशीला काय कळतं गुळव्या कोण अन् जळव्या कोण?” तू हसायचास. म्हणायचास, “तुज्या त्या नळीनं तुला छातीतलं ऐकू येतं, ते मी मानतो का न्हाई? मग माजं बी मान की.”

पहिल्यांदा चावली तेव्हा तू कुणाला बोलला नाहीस. अंगभर गांधी उठल्या, तोंड सुजलं, पोटात कळ आली. घरी सगळ्यांनी ठरवलं की पित्त उठलं. ठरवणारच. अंगावर गांधी दिसल्या की आपल्याकडे दुसरं काही सुचतच नाही. वहिनींनी आमसुलं कोळून पाजली, अंगाला लावली, आणि दुपारपर्यंत उतरलं. मग तू वांगं सोडलंस, सुकट सोडली, चहा सोडलास. सोडलं नाही ते गुऱ्हाळ.

दुसऱ्यांदा तू मळीच्या खड्ड्याकडे गेला होतास आणि तिथेच चिपाडांच्या ढिगामागे कोसळलास. कुणाला पत्ता नव्हता. बराच वेळ तू आडवा पडून राहिलास. सखारामला सापडलास तेव्हा डोळे उघडले होतेस, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. चिपाडात पडलेला माणूस म्हणजे साप, हे ठरलेलंच. कडुलिंबाचा पाला तोंडात कोंबला. तुझी जीभ इतकी सुजली होती की कडू लागेना. झालं, विष चढलं! गाडीत घालून तुला नदीपलीकडे विष उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं झाडलं, पाणी मारलं, आणि संध्याकाळी तू उठून बसलास. तू आपणहून सावरत होतास, पण यश गेलं त्याच्या पदरात. त्याला नारळ मिळाला, सदरा मिळाला, आणि मालकाच्या मनात कायमचं बसलं की चांदला काही झालं तर कुठे न्यायचं.

त्यानंतर तू माझ्याकडे आलास, तोही पित्तावर पुडी मागायला. मी पुडी बांधतही होतो. पण तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, बस जरा. आधी काय होतं ते सांग. तू म्हणालास, तळहात खाजतात. मग? तळपाय. मग टाळू. मग गळ्यात कुणी मूठ घातल्यासारखं होतं, अन् डोळ्यांपुढं अंधारी. किती वेळात? “चिलीम पेटवून हुईस्तवर.” पित्त इतकं घाईत नसतं, चांद. साप चावला असता तर अंगावर गांधी उठल्या नसत्या आणि संध्याकाळी तू चालत घरी आला नसतास. मी विचारलं, दोन्ही वेळा तू कुठे होतास? गुऱ्हाळावर. घरी कधी झालं? न्हाई. हंगाम नसताना? न्हाई. मग मी पुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, “माशी चावली होती ना?”

तू दाराकडे बघितलंस. बाहेर कुणी ऐकत नाही ना, हे बघितलंस. मग म्हणालास, “व्हय. दोन्ही बारीला.”

मुंबईत म्हणे आता अशा माणसाच्या कातडीवर ओरखडा काढून त्यात औषधाचा थेंब टाकतात आणि फोड येतो का बघतात. माझ्याकडे तसं औषध नव्हतं, आणि असतं तरी तुझ्यावर करून बघायची छाती मला झाली नसती. पण मला त्याची गरजच नव्हती. तू दिलेल्या उत्तरांत सगळं निदान आलं होतं. मी तुला सांगितलं की माशीचं विष तुझ्या अंगाला सहन होत नाही. इतरांना सूज येते, तुझं सगळं अंग उठतं, रक्ताचा जोर पडतो, घसा मिटतो. पहिल्यापेक्षा दुसरी वेळ वाईट गेली. तिसरी कशी जाईल, सांगता येत नाही. गुऱ्हाळ सोड.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणालास, “वामन्या, घाटावरचं मोहोळ इसरला का? तवा किती चावल्या मला! तू नदीत उडी मारली अन् मी हसत हुबा हुतो. तवा मेलो न्हाई, आता एकीनं मरतो व्हय?” कसं विसरेन? घाटाच्या पायरीखालच्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यात पेटती चिंधी तूच कोंबलीस. आठवडाभर तुझा एक डोळा उघडत नव्हता आणि तसाच तू शाळेत येऊन माझी नक्कल करायचास. मी तुला समजावलं की तेव्हा चावल्या म्हणूनच आता हे होतं आहे. अंगानं त्या विषाशी वैर धरलं आहे. तुला ते पटेना. तुझा हिशोब उलटा होता. जितक्या चावतील तितकं अंग घट्ट होईल, असं तुझा बाप सांगायचा.

आणि मग मी मूर्खासारखं तुला सांगितलं की विलायतेत काही डॉक्टर माश्यांच्या अर्काचा अगदी कणभर भाग सुईनं टोचतात, हळूहळू वाढवतात, आणि काहींना त्याची सवय होते. तू बाकावर हात आपटलास. “मंग! मी दुसरं काय म्हनतो? माजा बाप शिकला असता तर त्योबी इलायतेत डाक्टर झाला असता!” मी ओरडलो, की ते थेंबाचा हजारावा हिस्सा मोजून देतात, तुझी माशी काय मोजून चावते? तू इतका हसलास की बाहेरची बाई आत डोकावली. मलाही हसू आलं. तेव्हा हसायला नको होतं असं आता वाटतं, पण तुझ्यासमोर बसून न हसणं मला कधी जमलं नाही.

असं झालं की लगेच टोचायचं एक इंजेक्शन असतं; लढाईच्या दिवसांत ते मिळायची मारामार होती. मी नगरला खेटे घालून त्याच्या कुप्या मिळवल्या. पिचकारी उकळून डबीत घालून दिली. तू स्वतः टोचून घेणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून वहिनींना बोलावलं आणि मोसंब्यात पाणी टोचून शिकवलं. त्यांचा हात पहिल्यांदाच इतका स्थिर होता की मी थक्क झालो. मी सांगितलं, डबी गुऱ्हाळावर ठेवायची, सखारामला सांगून ठेवायचं, मालकाला सांगायचं. आणि असं झालं की आधी आडवं निजवायचं, पाय वर, डोकं खाली; उभं केलं की जीव जातो. वहिनी मान हलवत होत्या. तू खिडकीबाहेर बघत होतास.

घरी गेल्यावर तू काय केलंस, हे मला आता कळलं. डबी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलीस आणि धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून वहिनींना शपथ घ्यायला लावलीस की यातलं बाहेर कुणाला बोलायचं नाही. साखर रेशनवर, गुळाला कधी नव्हे इतकी मागणी, चुलवाण थंड होत नव्हतं, आणि तुझं नाव सगळ्यांत वर होतं. ते नाव एका माशीपायी जाऊ द्यायचं नव्हतं तुला. शेवटच्या गाठीला मी पुन्हा विचारलं, मालकाला सांगितलंस का? “बरं बघू,” म्हणालास.

त्या दिवशी मी वाकडीला बाळंतपणावर गेलो होतो. माणूस सांगत आला की चांदभाईला पान लागलं, साप चावला. मी सायकल अशी हाणली की नाल्यात दोनदा पडलो. सगळ्या वाटेत मला माहीत होतं की साप नाही. गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा सखारामनं आणि आणखी एकानं तुला बगलेत धरून उभं केलं होतं. चालवत होते तुला. साप चावलेल्याला झोपू द्यायचं नाही, निजला की गेला, म्हणून दोघं घामाघूम होऊन तुला उभं ठेवत होते आणि मालक तोंडावर पाणी मारत होता. तुझे पाय मातीत रेघा ओढत होते. मी ओरडलो, खाली ठेवा! त्यांनी ठेवलं. मी टोचलं. दुसऱ्यांदाही टोचलं. तू आधीच गेला होतास.

त्या माणसांना मी काय बोलू? तुझ्यावर जीव होता म्हणूनच ते असे झटले. साप असता तर गावानं सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. मागच्या वेळी तू ढिगामागे एकटा आडवा पडून होतास म्हणून वाचलास, या वेळी सगळे मदतीला धावले. आणि त्यांना तू कधी सांगितलंच नाहीस की आडवं निजवायचं.

वहिनी बाभळीखाली उभ्या होत्या. माझ्या आधीच पोचल्या होत्या. पदराआड हात होता आणि हातात ती डबी होती. पुरुषांचा गराडा, वर तुझी शपथ. त्या नुसत्या म्हणत राहिल्या, “डाक्टरला बोलवा, डाक्टरला बोलवा.” टोचायला शिकलेली बाई, जवळ औषध, डोळ्यांसमोर नवरा, आणि तोंडाला तू लावलेलं कुलूप. याचा राग मी कुणावर काढू, तूच सांग. तुझी माती देताना मी मूठ टाकली तेव्हाही मनात हेच होतं. तुझं चांगलं आठवायचा मी प्रयत्न केला आणि दरवेळी बाभळीखालची ती बाईच आठवली.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी तुझ्या ओट्यावर बसलो होतो. फातेहा झाली, लोक चहा पीत होते. मालक सांगत होता की सापाच्या जातीची कशी पारख करायची. तू मरेपर्यंत झाकलंस ते मी उघडं करावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात दारातून आवाज आला. वहिनी पडद्याच्या पुढे आल्या होत्या. डोळे कोरडे होते.

“साप नव्हता,” त्या म्हणाल्या. “गांधीलमाशी हुती. आधी बी दोनदा चावली हुती. डाक्टरनी औषीद दिलं हुतं, माज्या हातात हुतं. त्यांनी मला शपत घातली, ती मी पाळली, अन् मानूस गेला. आता मोडते. माज्या लेकराला काय व्हायचं आसंल ते मला हू दे.”

मालक समजुतीच्या सुरात म्हणाला, “दुःखानं होतं असं. आत घ्या त्यांना.” मी उठलो आणि म्हटलं, त्या खरं सांगतात. मालक माझ्याकडे बघून म्हणाला, “डाक्टर, सापाचंच ऱ्हाऊ द्या की. एवडा मोटा गुळव्या, अन् माशीनं गेला म्हनायचं? लोक हसतील त्याला.” आणि चांद, खरंच मागं कुणीतरी हसलं.

कोपऱ्यात सखाराम बसला होता. तुला उभं धरून ठेवणारा सखाराम. तो उठला. कप खाली ठेवला.

“डाक्टर,” तो म्हणाला, “मला बी गळ्यात आवळतं. मागल्या हंगामापास्नं. चावली की अंगावर गांधी उठतात अन् दिसायचं बंद हुतं. मी कुनाला सांगितलं न्हाई. चांदभाईला बी न्हाई.”

त्यानं तुला सांगितलं नाही आणि तू त्याला. एकाच चुलवाणापाशी, तो खाली आणि तू वर, हंगामभर.

मी तिथेच त्याच्यापुढे बसलो आणि विचारायला लागलो. तळहात आधी खाजतात का? “व्हय.” मग गळा? “व्हय.” किती वेळात? मालक म्हणाला, “आता ह्याला बी माशी झाली का?” मागचे पुन्हा हसले. सखारामचे कान लाल झाले, मान खाली गेली, पण तो थांबला नाही. विचारलं ते सगळं त्यानं सांगितलं, मोठ्यानं, त्या सगळ्यांच्या देखत.

एवढंच करायचं होतं तुला, चांद.